कोणत्या पद्धतीचं?

मराठी घरात "आज मटण केलंय" एवढं म्हणून भागत नाही. लगोलग पुढचा प्रश्न येतो, "कोणत्या पद्धतीचं?" उत्तरात कधी गावाचं नाव असतं, कधी जातीचं, कधी थेट माणसाचं. कोल्हापुरी पद्धतीचं, सीकेपी पद्धतीचं, आमच्या आत्याच्या पद्धतीचं. 'पद्धत' हा शब्द जिभेवर इतका रुळलेला आहे की तो स्वयंपाकाचा शब्द आहे हे ध्यानातही येत नाही.

मला तो रोज भेटतो, कारण पाककृतींचं मुद्रितशोधन हे माझं काम. दिवाळी अंकांची खास पानं, महिला मंडळांच्या स्मरणिका, लहान प्रकाशकांची पुस्तकं माझ्याकडे येतात. अलीकडे त्यांत 'पद्धत' कमी व्हायला लागलीय. तिच्या जागी 'पाकशैली' येते, 'खाद्यसंस्कृती' येते, आणि अधूनमधून सरळ 'क्विझीन'. 'मालवणी क्विझीन', 'महाराष्ट्रीयन क्विझीन'. यातला कुठलाच शब्द अशुद्ध नाही, मला लाल पेन चालवता येत नाही. पण 'पद्धत' गेली की वाचकाला मिळायची ती बरीच माहिती तिच्याबरोबर जाते, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे आज जरा सविस्तर लिहिते.

'क्विझीन' फ्रेंचमधून आलेला शब्द. तिथे त्याचा पहिला अर्थ स्वयंपाकघर, आणि त्यावरून त्या स्वयंपाकघरातून जे बाहेर येतं ते. खोलीचं नाव रांधण्याला मिळालं. आपल्याकडे उलटं झालं. 'स्वयंपाक' म्हणजे स्वतः केलेला पाक, स्वतःच्या हाताने रांधलेलं अन्न. सोवळ्याओवळ्याच्या काळात कोणी रांधलं याला फार महत्त्व होतं, त्यातला हा 'स्वयं'. सोवळं बहुतेक घरांतून गेलं, शब्द राहिला, आणि त्या कामावरून खोली झाली स्वयंपाकघर. राजवाड्यातल्या स्वयंपाकघराला मराठीत 'मुदपाकखाना' म्हणत. तो मूळचा अरबी 'मतबख', म्हणजे स्वयंपाकघरच. मराठी तोंडात तो बसता बसता त्याच्या शेवटाला आपला 'पाक' येऊन चिकटला. परका शब्दही आपण रांधून घेतला, म्हणून मला तो फार आवडतो.

'पद्धती' संस्कृत. पद् म्हणजे पाय, हति म्हणजे आघात. पायांनी तुडवून तुडवून झालेली वाट, हा तिचा पहिला अर्थ. पायवाट कुणी आखत नाही. माणसं एका ठिकाणाहून दुसरीकडे रोज जातात, सोयीचं वळण घेतात, चिखल चुकवतात, आणि वाट पडते. स्वयंपाकाच्या पद्धतीही अशाच पडलेल्या आहेत. शेतात काय पिकतं, सरपण कशाचं मिळतं, आंबट काय हाताशी आहे, कामावर किती वाजता निघायचं आहे, यांनी त्या पाडल्या. आणि वाट म्हटलं की क्रम आला. आधी हे, मग ते. पदार्थांची यादी देऊन कुठलीही पद्धत सांगता येत नाही. ती करताना कुठली गोष्ट आधी होते त्यात असते.

हे मला दोन स्वयंपाकघरांनी शिकवलं. माझं माहेर यावल तालुक्यातलं, जळगाव जिल्हा. सासर कुडाळचं. लग्नानंतर आम्ही ठाण्यात राहिलो, सासूबाई बराच काळ आमच्याकडे असत, आणि एकाच ओट्यावर खानदेश आणि मालवण दोन्ही नांदले.

माझ्या आईच्या हाताखाली मी जी रस्सा भाजी शिकले तिची सुरुवात विस्तवावर होते. कांदा सालीसकट निखाऱ्यात, सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून आचेवर. खोबऱ्याला तेल सुटून ते पेटायला लागतं, तेव्हा फुंकर घालून विझवायचं. बाहेरून काळंभोर झालं की कांद्यासोबत पाट्यावर. मग लसूण, आलं, कोथिंबीर, आणि घरचा काळा मसाला. कढईत तेल सढळ हाताने. वाटण तेलात पडलं की त्याला परतत राहायचं, कडेने तेल सुटेपर्यंत. तोपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. आणि पाणी घालायचं ते उकळतंच, गार पाणी घातलं तर तर्री वर येत नाही. या रश्श्यात शेव पडली की शेवभाजी, वांगी पडली की वांग्याची, अंडी पडली की अंड्यांची. आत काय पडतंय ही नंतरची गोष्ट. तेल सुटलं का, हा खरा प्रश्न.

सासूबाईंच्या बांगड्याच्या आमटीत तेल सुटण्याचा संबंधच नव्हता. ओलं खोबरं, भिजवलेल्या सुक्या मिरच्या, धणे, हळद, सगळं कच्चंच गंधासारखं वाटायचं. ते वाटप पाणी घालून थेट भांड्यात. तिरफळं हलकी ठेचून टाकायची, वाटायची नाहीत. उकळी आली की कोकम, मीठ, आणि अगदी शेवटी मासा. मासा पडल्यावर डाव घालायचा नाही, भांडं दोन्ही हातांनी धरून नुसतं हिंदोळायचं. फोडणी नाही. खाली उतरल्यावर वरून कच्चं खोबरेल, तेही एखादा चमचा.

म्हणजे एका घरी खोबरं जाळून घेतात, दुसऱ्या घरी त्याला विस्तव दिसू देत नाहीत. एकीकडे तेल पहिलं, दुसरीकडे शेवटचं. दोन्हीकडे नारळच, मिरचीच, धणेच. साहित्याची यादी शेजारी शेजारी ठेवली तर निम्म्याहून जास्त सारखी निघेल. मी पहिल्यांदा शेवभाजी केली तेव्हा सासूबाईंनी कढईत डोकावून विचारलं होतं, "ह्यां काळां कित्याक गो केलंस?" रागाने नव्हे, खरंच जाणून घ्यायला. मी सांगितलं, आमच्याकडे खोबरं सुकंच असतं, ओला नारळ देवाला फोडला तरच घरात येतो. त्यांनी मान डोलावली. "म्हणून भाजतंस तां." त्यांना कारण पुरलं. सुकं खोबरं कच्चं वाटलं तर त्याला खवट वास मारतो आणि ते रश्श्यात चोथ्यासारखं राहतं. भाजलं की तेच रश्श्याला दाटपणा आणि रंग देतं. ओल्या खोबऱ्यात मुळातच दूध असतं, गोडवा असतो, तो जाळायचा कशाला? आणि मालवणातही कोंबडीच्या रश्श्याला खोबरं तपकिरी होईपर्यंत भाजतातच. म्हणजे 'मालवणी म्हणजे ओलं कच्चं खोबरं' असंही एका वाक्यात सांगता येत नाही. माशाला एक क्रम, कोंबडीला दुसरा, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला आणखी वेगळा. हे सगळे क्रम मिळून मालवणी पद्धत.

सांबाऱ्यावरून आठवलं. हा एक शब्द महाराष्ट्रात फिरवून बघा. मालवणीत 'सांबारं' म्हणजे वाटपाचा दाटसर रस्सा. विदर्भात 'सांबार' म्हणजे चक्क कोथिंबीर, म्हणून तिथली सांबारवडी कोथिंबिरीच्या सारणाची असते, आणि बाकीचे तिला पुडाची वडी म्हणून ओळखतात. मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या घरी 'परभी संबार' हा डब्यात भरून ठेवायचा मसाला. दक्षिणेकडचं, इडलीबरोबरचं सांबार तर सगळ्यांना माहीतच आहे. आता एखाद्या कृतीत 'सांबार घाला' एवढंच छापलं आणि ती कोणत्या पद्धतीची हे वर नसलं, तर वाचणाऱ्याने काय घालायचं? रस्सा, पाला की पूड?

तसंच 'चटणी'. कोल्हापूर-सांगलीकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून केलेलं वर्षाचं लाल तिखट. 'दोन चमचे चटणी घाला' हे वाक्य पुण्याच्या बाईने वाचलं तर ती ताटाच्या डाव्या बाजूची चटणी शोधेल. पिठलं वऱ्हाडात गेलं की त्याचं 'चून' होतं. भाकरीशी लावून खायला जे काही ओलं असेल ते देशावरच्या खेड्यांत 'कोरड्यास', कारण ते कोरड्या भाकरीसाठी असतं. भांड्यात डाळ असो की पालेभाजी, नाव भाकरीच्या बाजूने पडलेलं. हे शब्द बोलीभाषेचे नमुने म्हणून गोंडस आहेत असं काही लोक लिहितात. मला तसं वाटत नाही. ते कामाचे शब्द आहेत, त्या त्या पद्धतीची अवजारं आहेत, आणि त्यांना प्रमाण करून टाकलं की कृती बिघडते. मी मुद्रितशोधन करताना 'चून'चं 'पिठलं' करत नाही. पहिल्यांदा आलं तिथे अर्थ द्यायला लावते, पुढे चूनच ठेवते.

पद्धतीच्या पुढची पायरी म्हणजे हात. "हिच्या हाताला चव आहे" असं आपण म्हणतो, आणि ते नुसतं कौतुक नसतं. महाभारतातल्या नलोपाख्यानात दमयंती नळाला कशी ओळखते? नळ विद्रूप होऊन बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहिलेला आहे. चेहऱ्यावरून ओळखणं शक्य नाही. दमयंती दासीला पाठवून त्याने शिजवलेलं मांस मागवते, चाखते, आणि तिची खात्री पटते की हा नळच. पूर्वी कितीदा तरी खाल्लेली चव. रूप बदललं, नाव बदललं, काम बदललं, पण रांधण्याचा क्रम आणि प्रमाण बदललं नाही. 'नळपाक' हा शब्द आपण उत्तम स्वयंपाकासाठी वापरतो, पण त्या गोष्टीतला नळपाक उत्तम होता यापेक्षा तो नळाचा होता, हे महत्त्वाचं. म्हणून "आत्याच्या पद्धतीचं" हे उत्तर मला जराही अपुरं वाटत नाही. एका माणसाचीही पद्धत असते.

आयुर्वेदाने तर हा विचार चौकटीत बसवला. चरकसंहितेच्या विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराचा विचार करताना पाहायच्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. पदार्थ मुळात कसा, त्याच्यावर काय संस्कार केला, कशाबरोबर एकत्र केला, किती घेतला, कुठला, कधीचा, खाण्याचे नियम काय आणि खाणारा कोण. यातलं 'करण' म्हणजे आपलं भाजणं, भिजवणं, घुसळणं, उकळणं. चरकाचं म्हणणं असं की संस्काराने पदार्थात वेगळे गुण येतात. तिथे संदर्भ पथ्याचा आहे, चवीचा नाही. पण एखाद्या पद्धतीचं वर्णन करायला बसलं तर या आठांतली निदान चार उत्तरं हातात लागतात: करण, संयोग, देश, काल. माझ्या टेबलावर येणाऱ्या कृतींमध्ये राशी तेवढी बारकाईने असते, अर्धा चमचा, पाऊण वाटी. बाकीची तीन-चार गळालेली असतात.

जुनी पाकपुस्तकं बघा. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' छापून आलं. मराठीतल्या छापील पाकपुस्तकांत ते अगदी सुरुवातीचं. या 'सूप'चा हॉटेलातल्या सुपाशी संबंध नाही. संस्कृतात सूप म्हणजे वरण, आणि सूपकार म्हणजे आचारी. वरण नीट शिजवतो तो आचारी, आणि त्याचं शास्त्र ते सूपशास्त्र. एका पदार्थाने सगळ्या विद्येला नाव दिलं. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणीमित्र'च्या जोडनावात 'एक हजार पाकक्रिया' असं आहे. पाकक्रिया! आज आपण पाककृती म्हणतो. कृती म्हणजे झालेली वस्तूही असू शकते, क्रिया म्हणजे चाललेलं काम. मला 'पाकक्रिया' परत आलेला आवडेल, पण एका मुद्रितशोधकाच्या आवडीने शब्द परत येत नाहीत. 'पद्धत' मात्र अजून जिवंत आहे, ती राखता येण्यासारखी आहे.

तिला धोका कुठून आहे, तर पाट्यांवरून आणि मेनूकार्डांवरून. 'कोल्हापुरी' हा शब्द घ्या. महाराष्ट्राबाहेरच्या हॉटेलातही 'व्हेज कोल्हापुरी' मिळते, आणि तिथे कोल्हापुरी म्हणजे लाल आणि झणझणीत, एवढाच अर्थ. पण कोल्हापूरच्या ताटात तांबड्या रश्श्याशेजारी पांढरा रस्सा असतो. मटण शिजवून काढलेलं अळणी पाणी, नारळाचं दूध, तीळ-खसखस किंवा काजूचं वाटण, खडा मसाला. लाल तिखटाचा कणही नाही. मऊ, गरम, पोटाला शांत करणारा. कोल्हापुरी पद्धतीची निम्मी ओळख या पांढऱ्या वाटीत आहे. दोन रस्से एकाच मटणातून निघतात, एकानंतर एक प्यायचे असतात, आणि एकाशिवाय दुसऱ्याचं तिखट नीट कळत नाही. मेनूकार्डाने त्यातला लाल रंग तेवढा उचलला आणि त्याला भाजीचं नाव केलं. पद्धतीचा पदार्थ झाला.

'सावजी'चं तेच होत चाललंय, आणि तिथे मला जास्त वाईट वाटतं, कारण सावजी हे गावाचं नाव नाही, माणसांचं आहे. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाची ही पद्धत. हे लोक विणकर, मागावर बसणारे. त्यांच्या घरातून हा रस्सा खानावळीत आला, जवसाच्या तेलाची त्यांची जुनी सवय होती, मसाल्यात खसखस, दगडफूल यांचा हात वेगळा. आता पुण्या-मुंबईत 'सावजी' पाटी दिसते आणि खाणाऱ्याला वाटतं की हे एखाद्या मसाल्याच्या पुडीचं नाव असावं. शब्द उच्चारताना त्यामागची माणसं आठवली पाहिजेत, एवढीच माझी इच्छा. 'आगरी', 'कोळी', 'सारस्वत', 'सीकेपी', 'पाठारे प्रभू' यांनाही तेच लागू. सीकेप्यांचं वालाचं बिरडं खायचं, सोड्याची खिचडी खायची आणि लेखात त्याला 'किनारपट्टीची पाकशैली' म्हणायचं, हे मला पटत नाही. किनारपट्टी मोठी आहे, वाल सोलणारे हात ठरावीक घरांतले आहेत.

'चुलीवरचं' हा शब्द हायवेवर फार वाढला. त्याच्याबद्दल माझं मत मवाळ आहे, कारण तो निदान एक खरी गोष्ट सांगतो: आच कशाची. लाकडाच्या आचेवर भाकरी फुगवायला निखाऱ्याशी उभी करता येते, धूर थोडा अन्नात उतरतो, आणि आच कमी करायची तर लाकूड ओढावं लागतं, त्यामुळे रटरटणं लांबतं. चव बदलते, यात शंका नाही. पण चूल म्हणजे पद्धत नव्हे. माझ्या माहेरी चुलीवर खानदेशी शिजायचं, कुडाळला चुलीवर मालवणी. 'गावरान' तर मी शक्य तिथे वाचवायचा प्रयत्न करते. गावरान हा बियाण्याचा आणि कोंबडीचा शब्द, संकरित नसलेलं ते गावरान. 'गावरान लसूण' याला अर्थ आहे. 'गावरान पद्धतीचा पुलाव' याला कुठल्या गावाचं रान आहे?

वापराची एक बारीक गोष्ट नमूद करते, कारण लिहिणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. 'खानदेशी भरीत' आणि 'खानदेशी पद्धतीचं भरीत' या दोन्हींत फरक आहे. खानदेशी भरीत म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर जळगावकडची लांबट, पोपटी, कमी बियांची वांगी येतात. त्या वांग्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय. ती शेतात तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली, हिरवी मिरची आणि लसणाबरोबर ठेचलेली, कांद्याच्या पातीसकट तेलात परतलेली, आणि शेजारी कळण्याची भाकरी. ठाण्यात मी जांभळं वांगं गॅसवर भाजते, बाकी क्रम तोच ठेवते. ते झालं खानदेशी पद्धतीचं. 'पद्धतीचं' या शब्दात एक प्रामाणिक कबुली आहे: वस्तू तिथली नाही, वाट तिथली आहे. हा भेद मराठीने एका प्रत्ययाच्या आणि एका शब्दाच्या बळावर इतका स्वच्छ ठेवलाय, तर तो पुसायचा कशाला?

आणि दह्यातलं भरीत? तेही भरीतच, पण वांगं भाजण्यापलीकडे त्याचं आणि आमच्या भरीताचं काही नातं नाही. तिथे दही, मोहरी-हिंगाची फोडणी, साखरेची चिमूट. पानात ते कोशिंबिरीच्या बाजूला बसतं. आमचं भरीत जेवणाचा मुख्य पदार्थ आहे, त्याच्यासाठी हिवाळ्यात शेतात माणसं बोलावतात. नुसतं 'भरीत' लिहून कुठल्याच वाचकाचं भागणार नाही.

'खाद्यसंस्कृती' या शब्दाशी माझं वैर नाही. तो मोठा शब्द आहे आणि मोठ्या जागी शोभतो. पानात मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी-आमटी उजवीकडे का, एकादशीला काय चालतं, जत्रेच्या जेवणावळीत पहिलं कोण बसतं, श्रावणात काय सुटतं, रायगडकडे थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावायला मडकं घेऊन माणसं रात्री शेतावर का जमतात, हे सगळं खाद्यसंस्कृती. युनेस्कोने २०१० साली फ्रेंच लोकांचं सणासमारंभाचं भोजन आणि मेक्सिकोची पारंपरिक पाकपरंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, २०१३ साली जपानचं 'वाशोकु' घेतलं. तिथेही नुसते पदार्थ घेतलेले नाहीत. पिकवणं, निवडणं, वाढणं, एकत्र बसणं असं सगळं मिळून घेतलंय. त्याला खाद्यसंस्कृती म्हणा, खुशाल म्हणा. पण शेवग्याच्या शेंगांच्या आमटीला दाण्याचं कूट लावलं की ओलं खोबरं, हे सांगायला खाद्यसंस्कृती लागत नाही. तिथे पद्धत पुरते, आणि नेमकं बोलते.

म्हणून हल्ली कृती पाठवणाऱ्या बायकांना, आणि आता पुरुषही बरेच आहेत, मी फोन करून चार-पाच गोष्टी विचारते. ही कोणाकडून शिकलात? त्या कुठल्या? तेल कुठलं वापरत? आंबटाला काय, चिंच, आमसूल, अंबाडी, ताक की कैरी? खोबरं सुकं की ओलं, भाजून की कच्चं? फोडणी आधी की वरून? आंबटाचा प्रश्न मी कधीही गाळत नाही. महाराष्ट्रात माणूस कुठला हे त्याच्या आमटीतल्या आंबटावरून बरंच कळतं. आमसूल आलं की घाट उतरलात.

परवा मराठवाड्यातून एका ताईंची कृती आली, 'येसर आमटी, पारंपरिक महाराष्ट्रीय पाकशैली'. खाली साहित्यात 'येसर, तीन चमचे', बस. येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले भाजून एकत्र दळलेलं पीठ, हे मला माहीत होतं, पण कोकणातल्या वाचकाला कुठून माहीत असणार? फोन केला. ताई आधी संकोचल्या. म्हणाल्या, "आमचं साधंच असतंय, म्हणून पारंपरिक लिहिलं." मग विचारत गेले तशा खुलल्या. येसर लग्नाआधी घरात बायका मिळून करतात, त्यात कुठल्या डाळी पडतात, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, एकत्र भाजला तर एक करपतो आणि एक कच्चा राहतो. पाणी उकळल्यावर येसर गार पाण्यात कालवून मग सोडायचं, कोरडं टाकलं तर गुठळ्या. ही शेवटची गोष्ट त्यांच्या कागदावर नव्हतीच. "ते तर सगळ्यांनाच माहीत असतंय ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ताई, तुमच्या गावात माहीत असतं. अंक मात्र वेंगुर्ल्यालाही जातो."

शीर्षक बदलायला त्यांची परवानगी घेतली. अंकात ते असं जाईल: 'येसर आमटी, आमच्या आजीच्या पद्धतीची', आणि खालच्या ओळीत तालुक्याचं नाव, येसरात काय काय पडतं ते, आणि ते गार पाण्यात कालवून घ्यायची सूचना. पान आज छपाईला गेलं.